भाजल्याची तारीख कोणती?

दादरच्या आमच्या भागातल्या मोठ्या किराणा दुकानांत आता इन्स्टंट कॉफीच्या बाटल्यांशेजारी अख्ख्या दाण्यांच्या पाकिटांना स्वतंत्र फळी मिळू लागली आहे. घरात हाताने फिरवायचा छोटा ग्राइंडर आला, तेव्हा पहिले पाकीट मी साहजिकच अशा एका दुकानातून आणले. पाकीट देखणे होते, त्यावर धुक्यातल्या डोंगराचे चित्र होते आणि किंमतही किरकोळ नव्हती; पण दळताना घरात वास दरवळला नाही, कॉफीत कडूपणाखेरीज काही सापडले नाही आणि घोट घेतल्यावर जिभेवर खवट तेलाचा पातळ थर तेवढा राहिला. पाकीट उलटून पाहिले, तर तारखेच्या जागेवर नेमका दुकानाच्या किमतीचा स्टिकर चिकटवलेला होता. तो नखाने हळूहळू सोलल्यावर खाली पॅकिंगचा महिना दिसला, तो सात-आठ महिन्यांपूर्वीचा होता, आणि त्यापुढे बारा महिन्यांच्या आत वापरावे अशी सूचना होती. म्हणजे नियमाप्रमाणे माल मुदतीत होता. तक्रार करायला जागा नव्हती आणि कॉफी तर पिण्याजोगी नव्हती.

पाकिटावर उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि वापराची मुदत छापावी लागते. दाणे भाजले कधी, हे वेगळे सांगण्याचे बंधन नाही. भाजलेला दाणा इतका कोरडा असतो की बंद पाकिटात तो वर्षभर नासत नाही आणि तो पिऊन कोणी आजारी पडत नाही, त्यामुळे वर्षाची मुदत देण्यात लबाडी काहीच नाही. फक्त ज्या गोष्टीसाठी आपण दाण्यांचे पैसे मोजतो, ती त्याच्या कितीतरी आधी उडून गेलेली असते. त्या दिवसापासून माझी शोधाशोध सुरू झाली, आणि ती चांगल्या कॉफीपेक्षा भाजल्याच्या तारखेचीच अधिक होती.

कच्चा दाणा हिरवट-राखाडी आणि कठीण असतो, आणि कोरड्या जागी पोत्यात तो साधारण वर्षभर बरा राहतो. फिरत्या ड्रममध्ये तापवला की आधी त्यातले पाणी निघते, मग तो पिवळा आणि पुढे तपकिरी होतो, आणि १९५ ते २०५ अंश सेल्सिअसच्या आसपास तडतडून उकलतो. कॉफी भाजणारी रोस्टर मंडळी याला ‘फर्स्ट क्रॅक’ म्हणतात. इथे किंवा याच्या थोडे पुढे थांबले तर भाजणी हलकी ते मध्यम राहते; तसेच भाजत राहिले तर सव्वादोनशे अंशांच्या सुमारास दुसरी, अधिक बारीक तडतड सुरू होते, दाणा काळपट होतो आणि आतले तेल पृष्ठभागावर येते. एवढ्या प्रवासात दाण्याचे वजन १२ ते २० टक्क्यांनी घटते, शेकडो सुगंधी द्रव्ये तयार होतात आणि दाण्याच्या आत कार्बन डायऑक्साइड कोंडून राहतो. हा वायू पुढचे काही दिवस बाहेर पडत राहतो. पहिले दोन-चार दिवस तो इतका असतो की पाणी दाण्याच्या पुडीत नीट शिरू शकत नाही, म्हणून अगदी आज भाजलेली कॉफी आज उत्तम लागतेच असे नाही. वायू ओसरतो तसा प्राणवायूला आत शिरायला वाव मिळतो, सुगंध कमी होत जातो, तेल खवट होऊ लागते. हलक्या ते मध्यम भाजणीचे दाणे पाचव्या-सातव्या दिवसापासून तीन-चार आठवडे चांगले लागतात, एस्प्रेसोसाठी थोडे अधिक थांबावे लागते, आणि काळपट भाजलेले दाणे लवकर तयार होऊन लवकर उतरतात, असा सर्वसाधारण हिशेब आहे. एकदा दळले की हा सगळा हिशेब आठवड्यांवरून तासांवर येतो.

चांगल्या पाकिटांवर जे बटणाएवढे छिद्र दिसते, ते याच वायूसाठी असते. आतला वायू बाहेर जाऊ द्यायचा आणि बाहेरची हवा आत येऊ द्यायची नाही, असा हा एकेरी व्हॉल्व्ह १९६० च्या दशकात इटलीत निघाला. दुकानात पाकीट दाबून त्या छिद्राशी नाक नेणारी माणसे दिसतात. मीही ते करून पाहिले आहे. अगदीच मेलेली कॉफी त्यातून ओळखू येते, पण तीन आठवड्यांची आणि तीन महिन्यांची यांतला फरक माझ्या नाकाला तरी सांगता आलेला नाही. तेलाने चमकणारे दाणे ताजे, हाही असाच एक समज आहे. ती चमक भाजणी किती गडद आहे ते सांगते, ताजेपणाबद्दल काही सांगत नाही.

फळीवरची पाकिटे सोडून जिथे भाजतात तिथेच जावे असे ठरवले, तेव्हा दादरकराला पहिले आठवते ते माटुंगा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात किंग्ज सर्कलच्या आसपास दाक्षिणात्य कुटुंबे राहायला आली, त्यांच्या मागोमाग खाणावळी आल्या, गजरे आणि केळीची पाने विकणारे आले आणि कॉफी भाजून, दळून देणारी दुकानेही आली. म्हैसूर कन्सर्नसारखी जुनी दुकाने आजही चालू आहेत, आणि त्यांच्या आसपास सकाळी भाजणीचा वास रस्त्यापर्यंत येतो. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मामींचे सगळे आयुष्य माटुंग्यात गेले. त्यांना विचारले, तेव्हा त्यांनी दुकानाच्या नावाआधी वजन सांगितले. “एकदम किलो घेऊन ठेवू नकोस. पाव किलो घे, संपली की परत जा. दुकान कुठे पळून जात नाही.” या एका वाक्यात पुढे कळलेल्या बऱ्याच गोष्टी होत्या.

मामींनी सांगितलेल्या दुकानात गल्ल्याच्या मागे भाजलेल्या दाण्यांचे डबे ओळीने मांडलेले होते आणि बाजूला दळणाचे यंत्र अखंड चालू होते. पुढच्या माणसाची पावडर यंत्रातून पडत होती तशी मालक ती पत्र्याच्या सुपलीने पिशवीत भरत होते, आणि पिशवीचे तोंड लगेच न बांधता जरा वेळ उघडे ठेवत होते, कारण ताजी दळलेली पावडर गरम असते. माझी पाळी आल्यावर त्यांनी सवयीने विचारले, “फिल्टरसाठी ना? चिकोरी किती?”

“चिकोरी नको. आणि दळू नका, अख्खेच दाणे द्या.”

त्यांनी मान वर केली. “अख्खे? घरी मशीन आहे का?”

“हाताने फिरवायचे आहे.”

“मग पीबेरी थोडी जास्त घालून देतो. पीबेरी सकाळीच भाजली, प्लँटेशन काल संध्याकाळची आहे.”

मी विचारण्याआधीच भाजल्याची वेळ मिळाली, आणि तीही तासांत. डब्यावर तारीख कुठेही लिहिलेली नव्हती. तिची गरजही नसावी, कारण माझ्या मागे पाच-सहा माणसे उभी होती आणि त्यांतले बहुतेक जण आठवड्या-पंधरवड्याने येणारे दिसत होते. ज्या डब्यातला माल दोन दिवसांत तळाला जातो, त्यात शिळे काही साठून राहत नाही. पुढे इतर भागांतल्या अशा दुकानांत गेले तेव्हा मी गर्दीकडे आधी पाहू लागले. जिथे डबे भरलेले आणि गिऱ्हाईक तुरळक असते, तिथे मालकाने ‘कालच भाजली’ म्हटले तरी मी शंभर ग्रॅमच घेते.

पीबेरी आणि प्लँटेशन हे शब्द या दुकानांत इतके सहज वापरले जातात की नवख्याने त्यांचा अर्थ विचारायला संकोचावे. कॉफीच्या फळात साधारणपणे दोन दाणे असतात आणि ते एकमेकांना चिकटून वाढल्यामुळे एका बाजूने सपाट होतात. काही फळांत एकच दाणा धरतो आणि तो गोलसर होतो, ती पीबेरी. ‘प्लँटेशन’ म्हणजे फळाचा गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका, कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी सौम्य चवीची. तिच्यापुढची अक्षरे दाण्याच्या आकाराची असतात: ६.६५ मिलिमीटरच्या चाळणीवर राहणारा दाणा ‘ए’, त्याहून मोठा ‘डबल ए’, त्याहून लहान ‘बी’. फळ आहे तसेच उन्हात वाळवले असेल तर त्याला ‘चेरी’ म्हणतात. स्वस्त मिश्रणात रोबस्टाचे, म्हणजे दुसऱ्या जातीचे, प्रमाण वाढत जाते. रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते आणि चव उग्र असते, पण दुधात ती टिकून राहते आणि फेसही चांगला येतो, म्हणून फिल्टर कॉफीत थोडी रोबस्टा असणे मला गैर वाटत नाही. चिकोरीचेही तसेच आहे. तिला सरसकट भेसळ म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. ते एका झाडाचे भाजलेले मूळ आहे, आपल्याकडे गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकते, आणि तिच्यामुळे डिकॉक्शनला, म्हणजे फिल्टरमधून उतरणाऱ्या कॉफीच्या अर्काला, रंग आणि दाटपणा येतो. मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असली पाहिजे आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापले पाहिजे, असा नियम आहे. प्रमाण वाचून, ठरवून घेतलेली दहा-पंधरा टक्के चिकोरी ही आवडीची बाब आहे. न वाचता घेतलेली चाळीस टक्के मात्र कॉफीच्या भावाने मूळ विकत घेणे होते.

माटुंग्याच्या दाण्यांची डिकॉक्शन पितळी फिल्टरमध्ये उतरवली, दूध घातले, तेव्हा कॉफी उत्तम झाली. आमच्या घरी कॉफी म्हणजे दुधात उकळून वर जायफळ-वेलची घातलेली. सासूबाईंनी याही कॉफीत जायफळ किसलेच, आणि पहिल्या घोटानंतर “हिला चव आहे, हिच्यात साखर कमी घाल पुढच्या वेळी” एवढेच म्हणाल्या. त्यांच्याकडून ही मोठी पावती होती. मात्र तेच दाणे बिनदुधाचे करून प्यायले की करपट चव पुढे येत होती. यात दुकानाचा दोष नाही. त्यांची भाजणी दुधासाठी आणि डिकॉक्शनसाठीच गडद ठेवलेली असते. मला सकाळची कॉफी काळी प्यायची होती, म्हणून माटुंगा घरच्या दुधाच्या कॉफीसाठी राखून ठेवले आणि दुसरीकडे पाहू लागले.

गेल्या दहा-बारा वर्षांत मुंबईत दुसऱ्या प्रकारचे रोस्टर आले आहेत. २०१३ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या ब्लू टोकाईने महालक्ष्मीच्या लक्ष्मी वुलन मिलच्या आवारात भाजणी सुरू केली, खारच्या चुईम गावठाणात कोइनोनिया आली, २०२० मध्ये वांद्र्याच्या चॅपल रोडवर सबको आली, आणि त्यांच्याशिवाय लहान-लहान नावे सतत निघत आहेत. यांच्या पाकिटावर ठळक तारीख असते ती भाजल्याची, आणि मला तेवढेच हवे होते.

अशाच एका ठिकाणी पहिल्यांदा भाजणी जवळून पाहायला मिळाली. काचेपलीकडे ड्रम फिरत होता आणि त्याच्या अंगच्या छोट्या गोल खिडकीतून आतले दाणे दिसत होते. यंत्रावरचा मुलगा दर अर्ध्या मिनिटाने एक लांब नळीसारखा चमचा आत घालून मूठभर दाणे बाहेर काढी, रंग पाही, हुंगे आणि परत आत ढकली. तडतड सुरू झाली तशी त्याने घड्याळाकडे पाहून काहीतरी टिपले. मग एकदम दार उघडले, आणि तपकिरी दाण्यांचा लोंढा खालच्या जाळीच्या परातीत कोसळला. फिरती पाती त्यांना घोळवू लागली आणि खालून पंखा हवा ओढू लागला. दाण्यांची पातळ साले उडत होती. परातीत चार मिनिटेही झाली नसतील तोवर दाणे हात लावण्याइतके निवले. भाजणी नेमकी तिथेच थांबावी म्हणून ही घाई असते, नाहीतर दाणे आपल्याच उष्णतेने आणखी भाजत राहतात.

काउंटरवरच्या मुलीने मला आधी हे विचारले की मी घरी कॉफी कशात करते. फ्रेंच प्रेस आणि कागदी फिल्टर, असे सांगितल्यावर तिने दोन पाकिटे पुढे केली आणि एकावर बोट ठेवून म्हणाली, “हे परवाच भाजलंय मॅम, पण आज उघडू नका. रविवारनंतर उघडा. आजच प्यायची असेल तर हे दुसरं न्या, याला नऊ दिवस झालेत.” विकत घेतलेला माल इतक्यात वापरू नका असे विक्रेत्याने सांगितल्याचा हा मला पहिलाच अनुभव. तेव्हापासून कोणत्याही नव्या ठिकाणी मी हाच प्रश्न विचारते: हे कधीपासून प्यायचे? ज्याला भाजणीची माहिती आहे तो लगेच दिवस सांगतो. ज्याला नाही तो ‘एकदम फ्रेश आहे’ म्हणतो.

या पाकिटांवर आणखी बराच मजकूर असतो आणि तो वाचायला शिकण्यात माझे काही महिने गेले. मळ्याचे नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, झाडाचा वाण, फळावर केलेली प्रक्रिया. मळ्याचे नाव छापलेले पाहून आज कोणाला नवल वाटत नाही, पण ते शक्य झाले त्याला फार काळ झालेला नाही. १९४२ च्या कायद्यानंतर कित्येक दशके बागायतदाराने आपली कॉफी कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात जमा करायची आणि बोर्डाने ती विकायची, अशी व्यवस्था होती. चिकमगळूरच्या एका डोंगरावरची कॉफी दुसऱ्या डोंगरावरच्या कॉफीत मिसळूनच बाजारात येई. १९९० च्या दशकात हे बंधन टप्प्याटप्प्याने सैल झाले आणि १९९६ मध्ये बागायतदाराला आपला सगळा माल स्वतः विकण्याची मोकळीक मिळाली. आज मुंबईच्या रोस्टरला थेट एका मळ्याशी बोलून त्याच मळ्याची पोती आणता येतात, ती त्या बदलामुळे.

वाणांत ‘एस. ७९५’ हे नाव वारंवार दिसते. चिकमगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रात, जे १९२५ पासून चालू आहे, १९४० च्या दशकात तो तयार झाला आणि भारतीय अरेबिकात आजही त्याचा मोठा वाटा आहे. प्रक्रियेत ‘वॉश्ड’ म्हणजे धुतलेली, तिची चव स्वच्छ आणि किंचित आंबटसर असते. ‘नॅचरल’ म्हणजे फळासकट वाळवलेली, तिच्यात फळाचा गोडवा आणि कधीकधी आंबल्याचा वास येतो. मला पहिली आवडते. दुसऱ्या प्रकारची काही पाकिटे अशी निघाली की घरातल्यांनी कॉफी खराब झाली का म्हणून विचारले. मग पाकिटावर चवीचे वर्णनही असते, आणि त्याबाबत मी सरळ साशंक आहे. गूळ आणि चिंच लिहिलेले असते तेव्हा मला खरोखर दोन्ही सापडतात. पण जी परदेशी फळे मी जन्मात चाखलेली नाहीत, त्यांची नावे वाचून कॉफी निवडण्यात काय हशील आहे? त्यापेक्षा भाजणी हलकी आहे की गडद, हा एक शब्द अधिक उपयोगी पडतो.

भाजल्याची तारीख पाहिली म्हणजे झाले, असेही नाही. अरेबिकाचा तोडा साधारण नोव्हेंबर ते जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालतो, रोबस्टाचा त्याच्या जरा मागून. फळे तोडल्यावर गर काढणे, वाळवणे, टरफल काढणे, प्रतवारी हे सगळे होऊन नवा माल रोस्टरकडे यायला उन्हाळा उजाडतो. म्हणजे डिसेंबरात एखाद्याने कालच भाजलेले दाणे दिले, तरी कच्चा दाणा मागच्या हंगामातला, बरेच महिने पोत्यात पडलेला असतो. नीट साठवला असेल तर बिघडत नाही. नसेल तर ताज्या भाजणीतही चव फिकी, कोरडी लागते. हे एका रोस्टरकडून कळल्यापासून मी हिवाळ्यात कोणत्या हंगामाची कॉफी आहे तेही विचारते. यावर उत्तर देणारे आनंदाने आणि लांबलचक देतात, इतके की मागे उभे असलेले गिऱ्हाईक चुळबुळू लागते.

दर वेळी खार-वांद्र्यापर्यंत जाणे जमत नाही, म्हणून आता बहुतेक खरेदी घरपोच होते. रोस्टरच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून मागवले की अनुभव चांगला येतो, कारण त्यांचे भाजणीचे वार ठरलेले असतात आणि त्या वाराच्या आधी नोंदवलेली मागणी ताज्या घाण्यातून भरली जाते. मुंबईपुरतेच राहायचे कारणही नाही. नागपूरच्या कॉरिडॉर सेव्हनचे पाकीट कुरियरने दोन-तीन दिवसांत येते आणि तेवढे दिवस दाण्यांना विश्रांती हवीच असते. उलट सगळे काही विकणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळावरून त्रयस्थ विक्रेत्याकडून घेतलेल्या पाकिटावर भाजल्याची तारीख तीन महिन्यांपूर्वीची निघाली. माल चांगल्या रोस्टरचाच होता, मधल्या गोदामात पडून राहिला होता. परत घ्या म्हटले तर मुदत संपलेली नाही, हे उत्तर आले. त्याची मी दुधाची कॉफी करून संपवली.

मामींच्या पाव किलोचा हिशेब मी आता ग्रॅममध्ये मांडते. काळ्या कॉफीच्या एका मोठ्या कपाला साधारण १५ ग्रॅम दाणे लागतात, म्हणजे २५० ग्रॅमच्या पाकिटात सोळा कप होतात. मी रोज एक घेते, सुट्टीच्या दिवशी नवराही घेतो, त्यामुळे पाकीट दोन आठवड्यांच्या आत संपते आणि दाणे उतरणीला लागण्याआधी डबा रिकामा होतो. एक किलोवर सवलत मिळते तेव्हा मोह होतो. पण भाजी मंडईतून स्वस्त मिळते म्हणून दोन माणसांच्या घरात पाच किलो पालक आणण्यातला हा प्रकार आहे. पाहुणे येणार असतील तरच मी मोठे पाकीट घेते, आणि तेही आल्याबरोबर वाटून ठेवते.

वाटून ठेवणे मुंबईत आवश्यकच आहे. भाजलेल्या दाण्यात पाणी जवळजवळ नसतेच, म्हणून तो हवेतला ओलावा ओढून घेतो, आणि जुलैत आपल्याकडची हवा ऐंशी टक्क्यांहून अधिक दमट असते. पाकीट उघडे टाकून सकाळची घाई उरकली तर दोन दिवसांत फरक कळतो. ग्राइंडरलाही दाणे चिकटू लागतात. रोजच्या वापरातले दाणे मी व्हॉल्व्ह असलेल्या मूळ पाकिटातच ठेवते, हवा दाबून काढते आणि वर चिमटा लावून कपाटात, शेगडीपासून दूर ठेवते. फ्रिजमध्ये ठेवत नाही. फ्रिजमध्ये लसणाची चटणी असते, रविवारचे बोंबील असतात, आणि दाणे ते सगळे वास शोषून घेतात. जास्तीचे दाणे मात्र छोट्या घट्ट झाकणाच्या बरण्यांत भरून फ्रीजरमध्ये चालतात. बरणी बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, एवढे एक पथ्य पाळावे लागते, नाहीतर थंड दाण्यांवर दव धरते.

दाणे ताजे आहेत की नाहीत याची घरची परीक्षा सोपी आहे. कागदी फिल्टरमध्ये पुडी घालून तिच्यावर भिजण्यापुरते, नुकतेच उकळून जरासे बसलेले पाणी ओतायचे आणि अर्धा मिनिट थांबायचे. दाण्यांत वायू शिल्लक असेल तर पुडी फुगून वर येते, पृष्ठभागावर बुडबुडे फुटतात आणि मधोमध भेगा पडतात. माटुंग्याचे दाणे आणले त्या दिवशी पुडी फिल्टरच्या काठापर्यंत चढली होती. किराणा दुकानातल्या त्या पहिल्या पाकिटातले शिल्लक दाणे मी मुद्दाम शेजारी करून पाहिले, तर पाणी वाळूतून जावे तसे सरळ खाली गेले, एक बुडबुडाही आला नाही.

किमतीबद्दल बोलायचे तर या रोस्टरांकडे मला २५० ग्रॅमला पाचशे ते सातशे रुपये पडतात, आणि माटुंग्याच्या दुकानात त्याहून पुष्कळ कमी. २०२४-२५ मध्ये ब्राझील आणि व्हिएतनाममधल्या दुष्काळामुळे जगभर कॉफी महागली, फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकाने तोवरचा उच्चांक गाठला, आणि दोन्हीकडचे भाव वर गेले. सहाशेचे पाकीट धरले तरी घरचा कप ३७-३८ रुपयांना पडतो. बाहेर त्याच रोस्टरच्या कॅफेत बसून प्यायलेल्या कपाला दोनशेच्या पुढे मोजावे लागतात. शिळ्या दाण्यांचे पाकीट दीडशे रुपयांनी स्वस्त असते, आणि तेवढ्यासाठी ते घ्यावे असे मला वाटत नाही.

येत्या पावसाळ्यासाठी बेत थोडा वेगळा आहे. जून ते सप्टेंबर दरम्यान मंगळूरच्या बाजूला गोदामांत कच्चे दाणे पसरून त्यांना मुद्दाम पावसाळी वारा लागू दिला जातो. ते ओलावा पिऊन फुगतात, फिकट होतात, त्यांचा आंबटपणा जातो. हीच ‘मॉन्सून्ड मलबार’. तिची कॉफी दाट होते आणि दुधात चांगली लागते, म्हणून मामींसाठी आणि सासूबाईंसाठी या वेळी मध्यम भाजणीची पाव किलो नोंदवली आहे. रोस्टरचा भाजणीचा वार मंगळवार आहे, पाकीट गुरुवारी येईल, आणि सोमवारपर्यंत ते कोणी उघडू नये असे घरात सांगून ठेवले आहे.